खापरापाशी धुतलेले हात

मांडा झाकल्या मुठीने करता येत नाही. पुरण भरलेली लाटी पोळपाटावर ताटलीएवढी झाली की ती उचलून हातांवर घ्यायची, या हातावरून त्या हातावर झेलत फिरवायची आणि आपल्याच वजनाने पसरत ती मनगटावरून कोपरापर्यंत उतरली की झटकन पालथ्या खापरावर टाकायची. सगळा खेळ उघड्या तळहातांचा, आणि तोही अंगणात, चार बायांसमोर, धुराने डोळे बारीक करून. ज्या बाईला आपले हात कोणाला दाखवायचे नाहीत तिने या कामापासून लांब राहावं. हे मला कळत होतं आणि तरीही मला त्या खापरापाशीच बसायचं होतं.

कारण सासरी माझी जी काही पत आहे ती मांड्यांची. लोणखेड्याच्या पुढे आमचं गाव. लग्न होऊन आले तेव्हा शिकलेली सून म्हणून माझं कौतुक कमी आणि संशयच जास्त. शाळेत मराठी शिकवते, पुस्तकातल्यासारखं बोलते, म्हणजे हिला घरातलं काय येणार! मोठ्या जावेला मी जिजी म्हणते. पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिने भरल्या अंगणात माझ्या हातावर लाटी टाकली आणि म्हणाली, "दखू तं खरं, म्याडमना हात काय करतस!" पहिल्या लाटीला भोक पडलं. दुसरी कोपरावरून घसरली ती थेट चुलीत. बाया पोट धरून हसल्या. मी नाकावर माशी बसू न देणारी. घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच दारात जाऊन म्हटलं, मला शिकवा.

तिने शिकवलं, तेही मन लावून. कणीक किती सैल हवी, ती किती आपटायची, हात कधी ओला करायचा, खांद्यातून नाही तर मनगटातून कसं फिरवायचं. काही वर्षांत माझा मांडा इतका पातळ व्हायला लागला की त्यातून पुरणाचा रंग दिसायचा. मग भावकीत कुठे लग्न निघालं, कोणाकडे जावई आले, की पहिला निरोप मला. दोन खापरं मांडायची, एकावर जिजी, एकावर मी. शाळेतला आदर्श पाठ, तपासणीतले शेरे, हे सगळं मला त्या खापरापुढे फिकं वाटायचं. आमच्या घराण्यात मी कोण, तर जिच्या हातचा मांडा मागून खातात ती. एवढंच होतं माझं, आणि ते हातांवर अवलंबून होतं.

हातांचं दुखणं सुरू झालं ते एका हिवाळ्यात. बोटांच्या कडेला आणि दोन बोटांच्या बेचक्यात साबुदाण्यासारखे बारीक फोड आले. वर काही नाही, कातडीच्या आतच पाणी. खाज अशी की फळ्यावर लिहिता लिहिता मी डस्टरच्या कडेला बोटं घासायची. पुढे ते फोड वाळले, त्यांची सालपटं निघाली, खालची कातडी लाल आणि नाजूक. ती बरी होते न होते तोवर पुन्हा फोड. असं होता होता तळहात जाड आणि खरखरीत झाले, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या आणि मूठ वळली की त्या उघडायच्या. कपाटातल्या रेशमी साडीवरून हात फिरवला तर धागे अडकायला लागले. मी ती साडी घडी करून ठेवून दिली आणि वर्षभर नेसले नाही.

"आंगमा उष्णता शे. ताक पी," जिजी म्हणाली. ताक प्यायले. कोणी मेंदी थापायला सांगितली, ती थापली, तेव्हा चिरांमधून जी आग उठली ती मी विसरणार नाही. आमच्या ह्यांनी तोरणमाळच्या बाजूने कुठलीशी साल आणून दिली, ती उकळून तिच्या पाण्यात हात बुडवून बसले. खरा चमत्कार केला तो मेडिकलवाल्याच्या ट्यूबने. नाव न विचारता, हातही नीट न बघता त्याने ती काउंटरवर ठेवली. तीन-चार दिवसांत हात असे झाले की मीच बघत राहिले. ट्यूब थांबवली आणि आठवड्यात सगळं दुप्पट होऊन परत आलं. मग काय, पुन्हा ट्यूब. त्या ट्यूबच्या भरवशावर मी दोन लग्नांतले मांडे काढले. कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होत चालली होती, आणि मला वाटत होतं, गुण येतो आहे.

लाज वाटायला कधी लागली? दुखण्याची लाज नव्हती, दुखत होतं एवढंच. लाज सुरू झाली रेशन दुकानात. धान्य घ्यायला मशीनवर अंगठा लावावा लागतो. मी अंगठा ठेवला, मशीन लाल. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. कातडी सोलून सोलून अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या, पण ते तेव्हा मला कुठे ठाऊक? दुकानदार माझ्याच जुन्या विद्यार्थ्याचा बाप. अवघडून म्हणाला, "म्याडम, आंगठा उमटी नही ऱ्हायना. हात धोईसन या ना जरा."

हात धुऊन या! दर शनिवारी पोरांची नखं तपासणाऱ्या बाईला. रांगेत निम्मं गाव उभं. मागून कोणीतरी टोमणा मारला, "म्याडमना आंगठा झिजी गया वाटस," आणि हशा पिकला. बाजूच्या हापशावर मी हात धुतले, दुकानदाराने दिलेल्या कपड्याच्या साबणाने, चांगले खसाखसा. परत येऊन अंगठा ठेवला. लाल. शेवटी ह्यांना शेतातून बोलावलं आणि त्यांचा मातीने माखलेला अंगठा पहिल्या फटक्यात उमटला. त्या दिवशी मला कोणी काही वाईट बोललं नाही. पण हात धुऊन या हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते निघेना. लोकांना माझे हात मळके वाटतात, हा त्याचा अर्थ मी लावला.

आणि मी धुवायला लागले. आधी घरात, मग लोकांसमोर, आणि लोकांसमोर जास्त. कोणी दारात आलं की चहा ठेवण्याआधी मी मोरीपाशी जायची आणि नळ मोठा सोडायची, आवाज बाहेर जावा म्हणून. शाळेत डबा उघडायच्या आधी टाकीवर जाऊन साबणाचा फेस मनगटाच्या वरपर्यंत आणायची आणि हात झाडत झाडत शिक्षकांच्या खोलीत शिरायची. कणीक मळायच्या आधी एकदा, मळल्यावर एकदा, मध्येच मिठाच्या डब्याला हात लागला तर पुन्हा. कपड्यांचा साबण, अंगाचा साबण, जंतू मारायचं औषध टाकलेलं गरम पाणी, जे हाती लागेल ते. धुतलं की कातडी पांढरी आणि ताठ व्हायची, बोटं वळायची नाहीत. मला वाटायचं, आता कशी स्वच्छ झाली. धुऊन धुऊन मी माझ्याच हातांचा घात करत होते आणि वर समाधानही मानत होते.

मग कुष्ठरोगाची पाहणी आली. आमच्या भागात ती घरोघर होते, आशाताई वहीपेन घेऊन फिरतात, अंगावर कुठे चट्टा आहे का विचारतात. त्या वर्षी आमच्या गल्लीत त्या शिरल्या त्या कोणाच्याही ओट्यावर न थांबता सरळ माझ्याकडे आल्या. आधी माझ्याकडेच या असं कोणीतरी सांगितलं होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजलं. मी हात पदरात घेतले. त्या बिचाऱ्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, डोळा मिची ल्या. जठे लागस तठे बोट ठेवा."

मी डोळे मिटले. त्या पेनच्या टोकाने माझ्या तळहातावर, बोटांवर, चिरांच्या कडेला हलकेच टेकवत गेल्या आणि मी प्रत्येक वेळी बरोब्बर तिथे बोट ठेवत गेले. एका चिरेवर टोक लागलं तेव्हा तर मी ओरडलेच. त्या हसल्या. "हाऊ तो रोग नही शे, ताई. त्याम्हा टोचेल बी समजत नही. तुमले तं समदं समजस." मला इतकं बरं वाटलं की त्यांना मी आत बसवलं, चहा केला, शेंगदाण्याचा लाडू दिला, पोराबाळांची चौकशी केली. त्या चांगला अर्धा तास बसल्या आणि तिथेच माझं चुकलं. समोरच्या ओट्यावरच्या बायांनी पाहिलं काय, तर आशाताई मास्तरीणबाईकडे आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत गल्लीला जे समजायचं ते समजलं होतं.

मी कोणाला जाऊन सांगायला हवं होतं की तपासणी झाली, तसलं काही नाही. पण कोणी विचारेल तर सांगणार ना! विचारलं कोणीच नाही. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण ओटी भरताना माझ्या हाताला हात लागू न देता भरायच्या. मी पाण्याचा पेला पुढे केला की पाहुण्याला नेमकी तहान नसायची. मला वाटायचं, तोंडावर म्हणा ना काहीतरी, मग दाखवते माझी जीभ. भांडायला मला येतं. पण न बोलणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला आजही येत नाही.

त्या उन्हाळ्यातली आखाजी. जिजीच्या अंगणात नेहमीसारखी दोन खापरं मांडली. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, लिंबाला झोका बांधलेला, पितरांच्या घागरीवर खरबूज आणि आंबे ठेवलेले, टोपल्यात रस काढायचे आंबे भिजत पडलेले. मी आठवडाभर ट्यूब चोळून हात वरवर बरे केले होते आणि खापरापाशी बसण्याआधी सगळ्यांच्या देखत तीन वेळा धुतले होते. कोणी अडवलं नाही. मी मन लावून मांडे केले. असे केले की एकाला भोक नाही, एकाची कड जाड नाही. जिजीचे एका टोपलीत, माझे दुसऱ्या टोपलीत, दोन्हींवर पांढरं फडकं.

आघारी झाली, म्हणजे पितरांचा घास निखाऱ्यांवर टाकून झाला, पुरुषांची पंगत बसली, मग पोरं, मग बाया. मी खापराच्या धगीतून उठून वाढायला गेले तर वाढायला माणसं होतीच. "तू बठ, थकी गई व्हशी," म्हणाले. मी बसले. लांबून पाहत होते. जिजीच्या टोपलीतून मांडे जात होते, तिच्या टोपलीत मांडे येत होते. संपत आले तसे तिने मांड्यांचे तुकडे करून वाढायला लावले, अर्धा अर्धा, पाव पाव. पाहुणे मागत होते. माझ्या टोपलीवरचं फडकं सकाळी जसं होतं तसंच होतं, त्याची एक घडीसुद्धा मोडली नव्हती.

ते समजायला मला जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा अंगणात उभं राहावेना. मला वाटलं सगळे माझ्याकडे पाहत आहेत. खरं तर कोणीच पाहत नव्हतं, सगळे मुद्दाम दुसरीकडे पाहत होते. मी टोपलीला हात लावला तर जिजी घाईघाईने म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं ते, सकाळले खपी जातीन." तिचा चेहरा पडला होता. तिलाही लाज वाटत होती, हे मी तेव्हाच पाहिलं. मी टोपली कमरेवर घेतली आणि मागच्या बोळाने घरी आले. गोठ्यात जाऊन म्हशीपुढे एकेक मांडा टाकायला लागले. तूप लावलेले, चार घड्यांचे. हे मागोमाग आले, "म्हैसले कसाले टाकस? मी खास ना," म्हणाले आणि तिथेच उभ्याने एक मांडा कोरडा खाल्ला. पोट भरलेलं होतं त्यांचं, घास घशाखाली उतरत नव्हता. त्यांनी तो माझ्यासाठी खाल्ला याचीही मला लाज वाटली.

पुढे जिजीनेच एकदा शेतात कोणाजवळ तरी बोलता बोलता सांगितलं आणि ते फिरून माझ्या कानावर आलं. तिच्या सख्ख्या मामाला तो मोठा रोग झाला होता. गावाबाहेर झोपडीत ठेवलं होतं त्याला, आणि लहानपणी ही लांबून भाकरी ठेवून यायची. त्याची सुरुवातही हातांपासून झाली होती. हे ऐकल्यावर मला तिच्यावर धड रागावताही येईना. तिच्या घरात नातवंडं होती. भीतीपुढे शहाणपण काय करणार!

नंदुरबारला कातडीच्या डॉक्टरकडे गेले ते त्यानंतर. तरुण बाई होत्या. इतक्या वर्षांत माझा हात हातात घेणाऱ्या त्या पहिल्या. हातमोजे न घालता त्यांनी माझे दोन्ही तळहात स्वतःच्या तळहातांवर घेतले, उलटे केले, सुलटे केले, बोटं फाकवून बेचक्यांत पाहिलं, आणि मला एकदम हुंदका आला. त्या थांबल्या. मग विचारत गेल्या. लहानपणी कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे खाज यायची का? यायची. धाप लागायची? आईला लागते. घरात काय काय काम करता, शाळेत खडू किती वापरता, लसूण सोलता का, मिरची कांडता का, हातमोजे वापरता का. पाठीवर पट्ट्या चिकटवून कशाची ॲलर्जी आहे का तेही पाहिलं. त्यात काही निघालं नाही.

"दिवसातून हात किती वेळा धुता?" त्यांनी विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. म्हणाल्या, "ताई, काहींची कातडी जन्मापासूनच कोरडी, हळवी असते, तशी तुमची आहे. कातडीवर तेलाचा एक पातळ थर असतो, तो तिची राखण करतो. साबण आणि गरम पाणी तो थर काढून नेतात. मग उघड्या कातडीत पीठ शिरतं, खडू शिरतो, कांद्याचं पाणी शिरतं, ती लाल होते, खाजते, फुटते. तुम्ही ती बरी व्हायच्या आत पुन्हा धुता. दुकानातल्या ट्यूबने ती आणखी पातळ केली. हे कोणाकडून तुम्हाला आलेलं नाही आणि तुमच्याकडून कोणाला जाणार नाही. आता साबण बंद. साधं पाणी, तेही लागेल तेवढंच, आणि प्रत्येक वेळी वर मलम."

"जाईल ना हे?" मी विचारलं.

"दबून राहील. समूळ जाईल असं खोटं मी सांगणार नाही. आणि ओल्या कणकेत फार वेळ बसू नका."

घरी येताना प्रकाशा गावाजवळच्या पुलावर बस थांबली होती, खाली तापीचं पाणी पसरलेलं, आणि मी खिडकीत बसून हिशेब करत होते. रोग समजला, पण औषध काय सांगितलं, तर धुवायचं नाही. आमच्या घरात, जिथे चुलीपाशी यायच्या आधी पाय धुतात, देवाच्या नैवेद्याला वेगळी बादली ठेवतात, तिथे मी लोकांसमोर हात न धुता कणकेला हात लावायचा. बरं व्हायचं असेल तर घाणेरडी दिसायला शिकायचं. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

तरी ते वर्ष मी काढलं. भांडी घासायला बाई ठेवली. कपडे धुताना आत सुती आणि वर रबरी मोजे. शाळेत खडू धरताना सुती मोजे घातले तर पोरांनी विचारलंच, "बाई, थंडी वाजते का?" मी म्हटलं, हो, तुमची उत्तरं वाचून. मलम डब्यात घेऊन फिरायची, कोणी नाही असं पाहून लावायची. दिवाळीपर्यंत चिरा मिटल्या. संक्रांतीला तळहात मऊ लागायला लागले. रेशनच्या मशीनने एक दिवस अंगठा ओळखला, हिरवा दिवा लागला, आणि दुकानदाराच्या आधी मीच "अरे वा!" म्हणाले. ती रेशमी साडी मी बाहेर काढली, तिच्यावरून हात फिरवला. एकही धागा अडकला नाही.

एखाददुसरा फोड अधूनमधून यायचा, जायचा. ते ठीक होतं. ठीक नव्हतं ते एवढंच की हे कोणाला सांगायचं कसं. जिजीला मी एकदा धीर करून म्हटलं होतं, डॉक्टरांनी मला साबण बंद केलाय, साबणानेच माझं बिघडलं होतं, आणि हे लागत नाही कोणाला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखादं पोर परीक्षेत नापास होऊन पेपरच चुकीचा तपासला म्हणून सांगतंय. "साबन बंद? मंग शुद्ध कशी व्हशी?"

आखाजी पुन्हा आली. बोलावणं येईल की नाही याचाच मला घोर लागला होता. ते आलं. पोराकडून निरोप, दोन खापरं मांडतो, लवकर या. त्या आनंदात मी सकाळी आरशापुढे उभं राहून वाक्य पाठ केलं. अगदी साधं. मला साबण चालत नाही, हा रोग कोणाला लागत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. शाळेत मी पोरांना सांगते, चुकलं तरी चालेल पण वर्गासमोर उभं राहून मोठ्याने बोला.

अंगणात गेले तर माझ्या खापराशेजारी पाण्याची बादली भरून ठेवलेली. तिच्या कडेला नवा साबण, कागदही पूर्ण न काढलेला. जिजीच्या खापरापाशी बादली नव्हती. चार जावा, दोन नणंदा, एक नवी सून, सगळ्या आपापल्या कामात होत्या आणि कोणाचाच हात चालत नव्हता. जिजी लाकूड चुलीत सारत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हात धोई ले, मंग बठ."

पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलं. सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर. मला वाटलं, मी बोलले तर पुन्हा ते फडकं झाकलेलंच राहील. भरलेली टोपली कमरेवर घेऊन मागच्या बोळाने जायचं, हे मला दुसऱ्यांदा झेपलं नसतं. मी खाली बसले, साबणाचा कागद काढला आणि हात धुतले. नुसते धुतले नाहीत. कोपरापर्यंत फेस आणला, बोटांच्या बेचक्यांत चोळला, नखं एकमेकांवर घासली, पाणी ओतलं आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांना नीट दिसेल असं. वर्षभर मलम लावून राखलेल्या कातडीवर तो फेस बसला तेव्हा ती चरचरली.

मांडे छान झाले. हात विसरले नव्हते. मध्ये जिजीने दोनदा माझ्याकडे बादली सरकवली, मी दोनदा धुतले. वर धग, हातात ओली कणीक, दुपार होईपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी कातडी ताणून ताणून उलली, मग दुसऱ्या बोटाच्या पेराशी. मी पिठाचा हात लावून झाकत राहिले. पण पंगत बसली आणि माझ्या टोपलीवरचं फडकं उचललं गेलं! दोन्ही टोपल्यांतून मांडे जाऊ लागले. कोणीतरी पंगतीतून म्हणालं, "आसा मांडा कोनाले जमत नही," आणि ते माझ्या मांड्याबद्दल होतं. मी चुलीकडे तोंड करून बसले, धुराचं निमित्त बरं असतं.

शेवटी आम्ही दोघीच खापरापाशी उरलो. जिजी सकाळपासून उपाशी, हात कोपरापर्यंत कणकेने माखलेले, शेवटचा मांडा खापरावर. माझी ताटली पुढे होती, मांडा आणि रसाची वाटी. ती माझ्याकडे वळली. "भूक लागनी वं माले. मन्हा हात भरेल शेतस. एक घास टाक मन्हा तोंडमा."

आणि तिने तोंड उघडलं. म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईचं, दोन दात पडलेलं तोंड, लहान पोरासारखं उघडं. मला चीड यायला हवी होती. म्हणायला हवं होतं की जिजी, आज माझे हात गेल्या वर्षीपेक्षाही वाईट होणार आहेत आणि ते तुझ्या बादलीने होणार आहेत. मी घास तोडला, रसात बुडवला. आंब्याचा रस उललेल्या कातडीत शिरला आणि मेंदूपर्यंत झिणझिणी गेली. तिच्या ओठांना माझी बोटं लागली. मी हात मागे घेतला नाही. मला हसू फुटत होतं, खरोखरचं, आवरत नव्हतं, आणि त्या हसण्याची मला माझ्या हातांची कधी वाटली नाही इतकी लाज वाटत होती.

"आजून एक," ती तोंडातला घास चघळत म्हणाली.

मी दुसरा घास तोडला आणि वाटीत बोटं बुडवली.